लाकडामागचं पांढरं

५ जून २०२४

विरेशनं सांगितलंय, पाणी कधी बदललं, कुठला मासा मेला, औषध काय टाकलं, सगळं लिहून ठेवत जा. म्हणून बँकेची ही मागच्या सालची डायरी काढली. अंगणवाडीची रजिस्टरं सोडली तर मी कधी काही लिहिलेलं नाही. बघू किती दिवस जमतंय.

टाकी काल बसली. हे मागच्या आठवड्यात रिटायर झाले, उमरगा डेपोतून. सारी उमर एसटीच्या स्टेअरिंगवर गेली. निरोपाला शाल-नारळ सगळ्यांना मिळतो, यांना वरून माशांची काचेची टाकी मिळाली. यांचे कंडक्टर गुंडाप्पा म्हणाले, "वैनी, ह्याला रोज काचेपुढं बसायची सवय. घरात समोर काच नसंल तर येडा होईल ह्यो." सगळे हसले. हे पण हसले, पण जेवणाच्या पंगतीत लवकर उठले. डोळे भरले असतील.

विरेशचं बसस्टँडमागं दुकान आहे, अर्ध्यात मोबाईल, अर्ध्यात मासे. त्यानं गप्पी आणि काळ्या मॉली दिल्या. वाळू आणि लाकूड मात्र यांनी आणलं, आमच्या गावाकडून, माकणीहून. धरणाचं पाणी उतरलं की काठाला बुडालेल्या झाडांची मुळं उघडी पडतात. त्यातलं एक वाकडंतिकडं खोड घासून, उकळून टाकीत ठेवलंय. त्याच्यामागं मासे लपतात. छान दिसतंय.

१२ जून

घरात माणूस असलं की बरं वाटतं. लग्नापासून मी यांना जेवताना नीट बघितलंच नाही. कधी मुक्कामी गाडी, कधी पहाटेची. आता रोज दोन्ही वेळा घरात. ताट घेऊन टाकीपुढं खुर्ची टाकतात आणि माशांकडं बघत जेवतात. मी म्हणाले, माझ्याशी बोलत जेवा की. तर म्हणाले, "ड्रायव्हरशी बोलू नये, लिवलेलं असतंय बघ."

तंबाखू सोडली! मी इतकी वर्षं डोकं फोडलं, लेकीनं, भुवनेश्वरीनं, शपथा घातल्या, तेव्हा नाही सुटली. आता विचारलं तर म्हणाले, "नको वाटतीय. झोंबती." येडेश्वरीला नारळ बोलले होते, तो फोडायला येरमाळ्याला जायला पाहिजे.

भुवनेश्वरीचा फोन होता लातूरहून. चौथा लागलाय. ओकाऱ्या थांबल्या. हे फोन घेऊन बाहेर जाऊन बोलत बसले लेकीशी.

२५ जून

लाकडावर पांढरं आलंय. दुधावरची साय असते ना तसं, चिकट, बोटाला ओढलं तर तार सुटते. मला किळस आली. फोटो काढून विरेशला दाखवला. तो म्हणाला, "काकू, नवं लाकूड हाय, येतंयच. लाकडातली साखर सुटती पाण्यात, त्याच्यावर ही बुरशी जगती. साखर संपली की आपोआप जाईल. मासे पण खातील थोडी."

हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. कुणाचं काय बिघडवतंय."

९ जुलै

विरेश खरा ठरला. लाकडाची साय गेली.

पण आता काचेवर, जिथवर पाणी असतं तिथं, पांढरी रेघ. खडूनं ओढल्यागत. ही मात्र मी स्वतः ओळखली. आपल्या बोअरचं पाणी! आमच्या पातेल्यांच्या बुडाला बसतो तोच क्षार. लिंबू घासलं, गेलं. फार शहाणी असल्यागत वाटलं.

यांचं पोट उतरलंय. लोकांचं रिटायर झाल्यावर सुटतं. रोज सकाळी शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारतात त्याचा गुण. शुगरला चांगलंच आहे.

२१ जुलै

हे तिसरं पांढरं काही कळेना.

लाकडाच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, वाळूवर कापसाच्या बोंडासारखे गोळे. सुपारीएवढे. अंगावर बारीक लव, पाणी हललं की ती लव पण हलते. जिवंत असल्यासारखी. काल दोन होते, आज चार. क्षार नाही, कारण मऊ आहे. लाकडाची साय नाही, कारण लाकडाला चिकटलेलंच नाही.

विरेशनं मला सोलापूरच्या मासेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. फोटो टाकला. एकानं लिहिलं, गोगलगाईची अंडी. एकानं लिहिलं, हायड्रा म्हणून एक किडा असतो, त्याला हात-पाय असतात, पिल्लं खातो. एका बाईनं लिहिलं, ताई, मासा मरून पडला असेल, त्याच्यावर बुरशी धरली असेल, मासे मोजा. आता गप्पी कशी मोजायची? रोज नवीन पिल्लं दिसतात.

मी यांना भिंग आणून बघा म्हणाले. तर म्हणाले, "तू नको हात घालू. म्या करतो साफ." आणि खरंच, दुपारी मी अंगणवाडीतून आले तोवर सगळं काढून टाकलेलं.

२८ जुलै

परत आले. तिथंच.

पाण्याला वास मारतोय. बोअरचा क्षार नको म्हणून आता नळाचं घालते, पण नळ आठवड्यातून एकदा, त्यातलं पाणी माशांना द्यायचं म्हणजे हरणाबाई शेजारून कुंपणावरून बघते आणि तोंड फिरवते. बरोबर आहे तिचं.

मॉली वर येऊन तोंड उघडझाप करतायत.

५ ऑगस्ट

पहिला श्रावण सोमवार. यांनी यंदा उपवास कडक धरलाय. शाबू नाही, भगर नाही, फक्त दूध. मी म्हणाले, देव एवढं मागत नाही. तर म्हणाले, "नोकरीत कधी जमलं न्हाय नीट, आता करू दे." एरवीही ताक-आंबील जास्त मागतात. दाढ दुखते म्हणे. दातवाल्याकडं चला म्हटलं की श्रावण होऊ दे म्हणतात.

दोन मॉली मेल्या. मी बाहेर पेरूच्या बुडाला पुरल्या. परत आले तर हे खुर्चीत बसलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, छातीवर हात. मला वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं. एवढा मोठा माणूस, दोन माशांसाठी! पाण्याचा तांब्या दिला. घोट-घोट करून प्याले.

११ ऑगस्ट

सापडलं! शेवटी मीच शोधून काढलं.

हे फिरायला गेले होते. मी बाही वर सारली, हात घातला आणि लाकडामागचा एक गोळा बशीत काढला. पाण्याबाहेर आला की ती लव सगळी बसली, नुसता चिकट लगदा. चमच्यानं फोडला. आत भाकरी! चांगली ज्वारीची भाकरी, मऊ झालेली, आणि त्यात हिरवं. मेथी. परवाच केली होती. दुसरा फोडला तर त्यात वरणातला भात.

म्हणजे विरेशही बरोबर आणि ती ग्रुपवरची बाई पण. बुरशीच. फक्त मेलेल्या माशावर नाही, आमच्या जेवणावर धरलेली. दोन दिवस पाण्यात राहिलं की अन्नाला असं कापसागत फुटतं, विरेश म्हणाला. पाणी त्यानंच नासलं आणि मॉली त्यानंच मेल्या.

हे आले तशी बशी पुढं केली. म्हटलं, "हे काय? माशांना मेथीची भाकरी घालता व्हय? चावून चावून?"

बशीकडं बघत राहिले. मग हसले. "घालतो की. त्येंनी तरी रोज तेच दाणे किती खायाचे."

मी लई बोलले. इतकं बोलले की हरणाबाई दारात आली. म्हटलं, मेलेल्या मॉलींचं पाप तुमच्या डोक्यावर. मी पाणी वाहून मरतीय आणि तुम्ही लाड करताय. ते खाली मान घालून ऐकत होते. "चुकलं," म्हणाले. "परत न्हाय घालत."

ग्रुपवर टाकलं, गूढ उकललं. सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्याचे शिक्के पाठवले.

२० ऑगस्ट

पाणी काचेगत झालंय. पांढरं एक ठिपकाभर नाही. गप्पीची पिल्लं वाढायला लागली. दिलेला शब्द पाळतात हे यांचं आहे.

पण आता माझ्यावर रुसल्यागत ताट घेऊन मागच्या पायरीवर बसतात. हरणाबाई म्हणाली, "भाऊजींना नवं खूळ लागलंय का? आधी मासे, आता कुत्रं. गल्लीतलं ते तांबडं कुत्रं तुमच्या पायरीवरनं हलत न्हाय."

मी म्हणाले, जीव लावायची सवय आहे त्यांना.

१५ सप्टेंबर

भुवनेश्वरीची ओटी भरली. सातवा आहे. नंदीश, आमचे जावई, आणि त्यांच्याकडची मंडळी लातूरहून आली होती. आता ती बाळंतपणापर्यंत इथंच. मी पुरणाच्या होळग्या केल्या, आमटी, भजी. घर भरलं होतं. फार दिवसांनी असा दिवस.

हे पंगतीला बसलेच नाहीत. वाढत होते. "घ्या, अजून एक घ्या," करत सगळ्यांच्या मागं. गुंडाप्पांनी हाताला धरून बसवायला बघितलं तर निसटले.

संध्याकाळी भुवनेश्वरी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अव्वा, अप्पांनी अंगात कुणाचा शर्ट घातलाय?"

"कुणाचा म्हणजे? त्यांचाच. तूच घेतलेला दिवाळीला."

तिनं परत दारातून बाहेर वाकून बघितलं.

१८ सप्टेंबर

भुवनेश्वरीला अंगणवाडीत नेलं, वजन करायला. हे पण आले होते सोबत, पिशवी धरून. तिचं झालं. वाढलंय, चांगलं आहे. ती काट्यावरून उतरली आणि म्हणाली, "अप्पा, आता तुमी उभारा."

"मी काय गरवार हाय का?" म्हणाले आणि बाहेर जाऊन चप्पल घालायला लागले. बायका हसल्या.

भुवनेश्वरी नाही हसली.

२३ सप्टेंबर

अक्षर कसंही येईल.

आज पोषण आहाराची गाडी आली नाही म्हणून लवकर घरी आले. भुवनेश्वरी झोपली होती. मागचं दार उघडं. हे मोरीपाशी वाकून उभे. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हाताची बोटं तोंडात. घास बाहेर काढत होते. निघत नव्हता. घशातून असा आवाज येत होता, लेकराला डांग्या खोकला होतो तसा. मग निघाला. भाकरीचा. चावून चावून लगदा झालेला. बशीतल्यासारखा.

मला बघितलं. तोंड पुसलं.

मी म्हणाले, "किती दिवस?"

"बस खाली."

"किती दिवस म्हणते मी."

"नोकरीत असतानाच लागलं हुतं अडायला. आधी नुसती भाकरी. मग भात. आता पातळ सोडलं तर काई खाली जात न्हाय, मल्लम्मा. हितं," छातीच्या मधोमध बोट ठेवलं, "हितं येऊन थांबतंय."

मी त्यांच्याकडं नीट बघितलं. खरं म्हणजे आज बघितलं. गळ्यापाशी शर्टाच्या आत दुसरा हात जाईल एवढी जागा. कानशिलं आत गेलेली. लोकांच्या लेकरांचे दंड फितीनं मोजते मी. लाल पट्टी, पिवळी पट्टी, हिरवी पट्टी. लांबून लेकरू बघितलं तरी सांगते, हे कुपोषित आहे, नाव घाला. आणि घरात…

"टाकीत का टाकलं?"

"तू ताट बघत हुतीस की रोज. शिल्लक ऱ्हायलं असतं तर इचारलं असतंस." मोरीत तांब्या ओतला. "मासं खातील वाटलं. खाल्लं न्हाय त्येंनी."

मला रडू आलं तसं त्यांनी माझं तोंडच दाबलं हातानं. आत लेक झोपलेली. "भुवनाचं होऊ दे. ती सुटू दे नीट. मग नेशील तिथं येतो, म्हणशील ते करतो. आताच कळलं तर ती खायाची न्हाय. पोटातल्या जिवाला लागंल."

मी हो म्हणाले. त्या वेळेला काय म्हणणार?

२४ सप्टेंबर

हो का म्हणाले मी?

लेक आठव्याला टेकलीय. तिला धक्का बसला आणि काही झालं तर? आणि बाळंतपण होईपर्यंत थांबले आणि यांचं काही झालं तर? एका पारड्यात एक ठेवलं की दुसरं वर जातं. शंभूमहादेवापुढं बसले, काही सुचलं नाही. गुंडाप्पांना फोन केला, त्यांना तरी माहीत आहे का बघावं म्हणून. ते म्हणाले, "वैनी, मागच्या हिवाळ्यापासनं डबा मलाच देत हुता. मला वाटलं, तुमच्या हातचं मला आवडतं म्हणून देतोय. निरोपाच्या जेवणात पण घास न्हाय घेतला त्यानं."

म्हणजे टाकी घरात यायच्या आधीपासून.

नाही थांबायचं. लेकीला खोटं सांगायचं, पण यांना न्यायचं.

२६ सप्टेंबर

सोलापूर. भुवनेश्वरीला सांगितलं, शुगर वाढलीय, मोठ्या डॉक्टरला दाखवतो. हरणाबाईला तिच्याजवळ बसवलं.

आमची एसटी होती. ड्रायव्हर ओळखीचा. यांना पुढं बसवलं त्यानं. हे सगळा रस्ता समोर बघत होते, मधेच उजवा पाय दाबायचे, ब्रेक मारल्यासारखा.

तोंडातून दुर्बीण घातली. ती पूर्ण खाली गेलीच नाही. तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर तरुण, बोलायला चांगले. कागदावर नळी काढून दाखवली आणि मधोमध काळं केलं. अन्ननलिका म्हणाले. हे कागद हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे दरड कोसळलीय म्हणा की. एकेरी तरी चालू हाय का वाहतूक?"

डॉक्टरांना आधी कळलं नाही. मग ते हसले नाहीत.

४ ऑक्टोबर

आलं. कॅन्सर. यकृतापर्यंत गेलाय. ऑपरेशन होणार नाही. बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात जा म्हणाले, तिथं किरणांचा शेक देतात, त्यानं गिळायला थोडं सोपं होईल. थोडं.

ह्यांनी फक्त विचारलं, "नोव्हेंबर निघंल का?" डॉक्टर म्हणाले, निघेल.

५ ऑक्टोबर

भुवनेश्वरीला सांगितलं, शुगरसाठीच आता बार्शीला जायचंय.

ती गव्हाची सोजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बार्शीला शुगर कोण दाखवतं, अव्वा?"

आमच्या जिल्ह्यात लहान पोराला पण माहीत आहे बार्शीला कशाला जातात. तिनं सूप बाजूला ठेवलं, भिंतीला धरून उठली, आणि त्यांच्या खोलीत गेली. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. दोघं बोलतच होते. काय बोलले माहीत नाही. बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. "मी जेवणार हाय," म्हणाली. "अप्पांना शब्द दिलाय. वाढ मला."

दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी वाढत होते.

२ नोव्हेंबर

बार्शी. दिवाळी इथंच गेली. धर्मशाळेच्या खोलीत पणती लावली. शेकानं घसा आतून सोलवटलाय, थुंकीसुद्धा गिळताना डोळे मिटतात. पोटाला भोक पाडून नळी बसवली, त्यातून पातळ घालायचं. पहिल्यांदा घातलं तेव्हा मला म्हणाले, "डिझेल भरल्यागत झालं."

तिकडून हरणाबाईचा फोन. लेकीला बारीक कळा येतायत. मी म्हणाले, जाणार नाही यांना सोडून. तर हे चिडले. इतक्या वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता आणि आता आवाजच नाही तरी चिडले. "हितं नळी हाय, गुंडाप्पा येतोय. तिथं कोण हाय तिला? जा तू."

एसटीत बसून लिहितेय. अक्षर हलतंय.

८ नोव्हेंबर

मुलगी झाली. पहाटे. दोघी सुखरूप. वजन चांगलं.

गुंडाप्पांनी फोन यांच्या कानाला धरला. पलीकडून नुसता श्वास येत होता. मी म्हणाले, ऐकू येतंय का, रडतीय बघा. तर गुंडाप्पांनी फोन घेतला, म्हणाले, "वैनी, ह्यो पण रडतोय. दोघांचं चालू दे जरा."

१४ डिसेंबर

सगळे घरी. पुढच्या खोलीत यांची खाट, आतल्या खोलीत बाळ-बाळंतीण. मी सकाळपासून दोन्हीकडं खायचं करत फिरते. इकडं नळीतून नाचणीची पेज, गाळून, कोमट. तिकडं डिंकाचे लाडू, आळिवाची खीर.

विरेश येऊन टाकी बघून गेला. हरणाबाईनं आमच्या मागं नीट सांभाळली होती. तो म्हणाला, "काकू, एवढं स्वच्छ पाणी उमरग्यात कुणाच्या टाकीत न्हाय." चांगल्या मनानं म्हणाला. तो गेल्यावर मी टाकीवर फडकं टाकलं. मला ते पाणी बघवत नाही.

दुपारी यांनी खुणेनं फडकं काढायला लावलं.

१९ जानेवारी २०२५

भाकरी थापताना हे म्हणाले, "वास येऊ दे. दार लावू नको." मी दोन दिवस दार लावून भाकरी करत होते, त्यांना त्रास नको म्हणून. तर तेवढंही मी त्यांच्यापासून काढून घेत होते.

आता तवा पुढच्या खोलीत दाराशी घेऊन करते.

२७ फेब्रुवारी

बार्शीचे डॉक्टर म्हणाले, आता येत जाऊ नका, प्रवासानं हाल होतात. दुखायचं औषध लिहून दिलं. पाठीवर हात ठेवला त्यांच्या. आम्हाला कळलं.

काल महाशिवरात्र झाली. लेक म्हणाली उपवास नको धरू, तुझी तब्येत बघ. मी धरला. फक्त दूध घेतलं दिवसभर. संध्याकाळी पोटात आग पडली आणि हात-पाय गळाले. श्रावणात हे असेच बसले होते आणि मी समोर बसून होळगी खाल्ली होती.

९ एप्रिल

हे गेले. गुरुवारी, दुपारी. माकणीच्या शेतात समाधी दिली. गुंडाप्पांनी डेपोतून गाडी आणली होती, सगळे ड्रायव्हर-कंडक्टर आले. माणसं येत-जात आहेत, अजून घर माझं वाटत नाही. भुवनेश्वरीला परवा लातूरला जायचंय. तिनंच मला डायरी हातात दिली, म्हणाली, लिही.

मरणाचं काय लिहू? शांत गेले. झोपेतच. त्याच्या आदल्या रविवारचं लिहिते, ते राहायला पाहिजे.

रविवारी पाडवा होता. भुवनेश्वरीनं सकाळी उठून मला सांगितलं, आज बाळीचं उष्टावण करू. पाचवा महिना चालू आहे, मुलीचं विषम महिन्यात चालतं, आणि पाडव्याला मुहूर्त बघायचं काम नाही. नंदीश म्हणाले, डॉक्टर सहा महिन्यांशिवाय नको म्हणतात. मी पण बायकांना तेच सांगते अंगणवाडीत. भुवनेश्वरी म्हणाली, "नुसतं चाटवायचं हाय." घाई कशाची, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही.

गव्हाची हुग्गी, आमच्याकडची खीर, केली. गूळ घातला, गाळून वाटीत फक्त वरचं पातळ घेतलं. आमच्याकडं मामा भरवतो पहिला घास. भुवनेश्वरीला भाऊ नाही. ती बाळीला घेऊन खाटेपाशी गेली आणि म्हणाली, "अप्पा, तुमी."

त्यांना मागून उशा लावून बसवलं. अंगात काही राहिलं नव्हतं, सदरा खांद्यावरून घसरत होता. हात कापत होता म्हणून चमचा नको म्हणाले खुणेनं. करंगळी बुडवली हुग्गीत. बाळीच्या ओठांना लावली.

तिनं तोंड वाकडं केलं. जिभेनं बाहेर ढकललं. हनुवटीवर ओघळ आला. हरणाबाई हसली, नंदीश फोटो काढत होते, सगळे बाळीच्या तोंडाकडं बघत होते. हे नव्हते बघत तोंडाकडं. मी बघितलं, त्यांची नजर खाली होती. तिच्या गळ्यावर.

त्यांनी परत बोट बुडवलं. ह्या वेळेला तिनं ओठ मिटले बोटावर. चोखलं. थोडा वेळ तसंच तोंडात धरलं. हे पुढं वाकले, इतके की मी खांद्याला धरलं. श्वास रोखलेला. आणि मग तिच्या त्या एवढ्याशा गळ्यात काहीतरी हललं, वरून खाली.

"गेलं," ते म्हणाले. आवाज नव्हताच, ओठांवरून कळलं. माझ्याकडं वळले, लेकीकडं वळले, परत माझ्याकडं. "गेलं खाली."

बाळीनं पुन्हा तोंड उघडलं.